पदराखालची मोठी माणसे

चैत्र सरत आला की जळगावच्या आमच्या घराच्या गच्चीवर बिबड्यांचे काम निघते. ज्वारीचा घाटा तीळ, जिरे, लसूण आणि तिखट घालून भल्या पहाटे शिजवायचा आणि ऊन डोक्यावर यायच्या आत ओल्या फडक्यावर थापून खाटेवर टाकायचा, हा क्रम माझ्या आजीच्या काळापासून बदललेला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात या कामाला माझी भाची भुसावळहून आली होती. ती तेव्हा १९ वर्षांची होती. एका हाताची बोटे घाट्याने माखलेली आणि दुसऱ्या हातात फोन, अशा स्थितीत ती अचानक कळवळून म्हणाली, "मावशी, माझं बाळ किती दमलंय बघ ना. कुणी त्याला नीट झोपूसुद्धा देत नाही." माझ्या आईने थापता हात थांबवला आणि फोनकडे पाहिले. पडद्यावर एक देखणा तरुण होता आणि त्याच्या उजव्या हातावर भरगच्च गोंदण होते. आईने विचारले, "कितला वरीसना शे हाऊ?" भाचीने सांगितले, पंचवीस. आईने त्या चेहऱ्याकडे आणखी एकदा नीट पाहिले आणि काही न बोलता पुढचा बिबडा थापायला घेतला.

तो तरुण म्हणजे बीटीएस या कोरियन गायकसंघातला जंगकुक. २०१३ साली हा संघ लोकांसमोर आला तेव्हा तो १५ वर्षांचा होता आणि सात जणांत सर्वांत धाकटा होता. धाकट्याला कोरियन भाषेत 'मकने' म्हणतात. तो शब्द त्याला तेव्हा चिकटला आणि तो पंचविशीत आला तरी सुटला नाही. त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, त्याने चाहत्यांना जाहीरपणे सांगितले होते की माझ्या घरी जेवण पाठवणे बंद करा, मी व्यवस्थित जेवतो, आणि पुन्हा कुणी पाठवले तर पावतीवरून शोध घेऊन कारवाई करीन. भाचीने ही बातमी मला सांगितली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. पाठवणाऱ्यांना केवळ काळजी होती, असे तिचे म्हणणे होते, आणि ते खोटे आहे असे मला अजिबात वाटले नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला "जेवीसन जाय" म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. पोटभर खाऊ घालणे हीच जिथे मायेची पहिली खूण आहे, तिथे परक्या देशातल्या एका दमलेल्या पोराला डबा पाठवावासा वाटणे मला समजू शकते. पण जेवीसन जाय असे आपण आपल्या दारात आलेल्याला म्हणतो. ज्याने आपल्याला कधी पत्ता दिला नाही त्याच्या दारावर जाऊन ठेवलेले अन्न ही वेगळीच गोष्ट आहे. त्या अन्नाबरोबर एक निरोपही जातो, की तू कुठे राहतोस ते आम्हांला ठाऊक आहे.

पुढच्याच महिन्यात तो थेट प्रक्षेपण चालू असताना अंथरुणावर पडल्या पडल्या झोपी गेला आणि लाखो लोक त्याला झोपलेला पाहत राहिले. भाचीही पाहत होती. झोपलेल्या बाळाकडे घरातली माणसे जशी पाहतात तसे ते पाहणे होते, हे तिनेच मला सांगितले. मोठ्या माणसाच्या झोपेकडे आपण असे पाहत नाही. आपण दिवा घालवतो आणि दार लोटून बाहेर येतो. त्या वर्षाच्या अखेरीस तो सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला. तिथे दीड वर्ष त्याने स्वयंपाकी म्हणून काम केले. ज्याच्या पोटाची जगाला इतकी चिंता होती तो रोज सैनिकांसाठी रांधत होता.

मराठीत दोन वाक्प्रचार अगदी शेजारी शेजारी राहतात. एखाद्याच्या पाठीशी उभे राहणे हा एक, आणि एखाद्याला पाठीशी घालणे हा दुसरा. पहिल्यात ज्याच्यासाठी आपण उभे राहतो तो पुढे असतो, वार आला तर तो आधी त्याला दिसतो, आणि मागे कुणी आहे या आधाराने तो स्वतः झुंजतो. दुसऱ्यात आपण पुढे सरकतो आणि त्याला आड करतो. मग तो कुणाला दिसत नाही, त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, आणि त्याच्या वतीने आपणच बोलत राहतो. चाहत्यांची जी संरक्षक भाषा आज सगळीकडे ऐकू येते, म्हणजे 'त्याला त्रास देऊ नका', 'तो फार भोळा आहे', 'तिला हे सगळे झेपणार नाही', ती बहुतेक वेळा पहिल्या वाक्प्रचाराने सुरू होते आणि बोलणाऱ्याच्याही नकळत दुसऱ्यात जाऊन बसते.

एक गोष्ट मात्र मी बाजूला ठेवते, कारण तिच्यावरून उगाच वाद होतो. आवडत्या कलावंताला एकेरी संबोधणे म्हणजे त्याला लहान करणे, असे मी मानत नाही. 'सचिन खेळला', 'लता गायली', 'स्मिताने काय काम केले आहे' असे आपण म्हणतो, तसेच आईलाही 'तू' म्हणतो आणि विठोबालाही. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते तेव्हा तिच्याशी घरातल्या लेकीसुनेशी बोलावे तसे बायका बोलतात. रविवारी तिला रोटांचा नैवेद्य होतो आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोहोचवतात. तिने राहावे म्हणून कुणी तिचा पदर धरून बसत नाही. त्यामुळे एकेरीत जवळीक आहे, लडिवाळपणा आहे, आणि अधिकारही आहे, पण त्या व्यक्तीला काही कळत नाही असे गृहीत धरलेले नाही. माझा आक्षेप त्या गृहीतावर आहे.

हे गृहीत किती जुने आहे ते आम्हां जळगावकरांना निराळे सांगावे लागू नये. १९०७ साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तिथे धरणगावात जन्मलेल्या एका मुलाने कविता म्हटली. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे, वय सोळा-सतरा. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर त्या कवितेने इतके भारावले की त्यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. त्या क्षणी ती पदवी अचूक होती आणि मनापासून दिलेली होती. पण मुलगा वाढला आणि पदवी वाढली नाही. तो शिकायला, कामाला गावोगाव फिरला, त्याने लग्न केले, पैशाची ओढाताण सोसली, माणसांशी भांडला, निसर्गाकडे पाहता पाहता मनातल्या काळोखाकडेही पाहू लागला, आणि तरीही तो बालकवीच राहिला. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो २७ वर्षांचा पुरुष होता. आज शाळेच्या पुस्तकात, चौकाच्या फलकावर, भाषणात, सगळीकडे तो बालक आहे.

मी धरणगावच्या शाळेत सातवीत असताना त्याच्या जयंतीला त्याची कविता पाठ म्हटली होती. बाईंनी सांगितले होते की चेहरा निरागस ठेवून म्हण. मी तो ठेवला. पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतः शिकवू लागल्यावर, मी त्याच्या उशिराच्या कविता लागोपाठ वाचल्या आणि मला माझ्या त्या निरागस चेहऱ्याची खंत वाटली. त्या कवितांत कारण न सांगता येणारी उदासी आहे, मरणाची चाहूल आहे, आणि ती सांगण्यासाठी वापरलेली अतिशय सावध, घोटून आलेली कारागिरी आहे. आपण तिला 'बालसुलभ' म्हटले की ती कारागिरी दिसेनाशी होते, कारण बाळ काही घडवत नाही, त्याच्याकडून सगळे आपोआप होते असे आपण समजतो. ओढ्यासारखी कविता वाहिली, फुलासारखी उमलली, असे आपण म्हणत राहतो. ज्या माणसाने एकेका शब्दासाठी रात्री जाळल्या असतील त्याला आपण त्याच्याच कवितेच्या श्रेयातून वगळले आहे. उदासीचेही तेच झाले. बाळ रडले तर त्याला भूक लागलेली असते किंवा झोप आलेली असते. त्याच्या रडण्यात विचार असेल असे कुणी मानत नाही.

याच गोष्टीत एक दुसरी बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरी हा ठोमरे मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. ती माया कुणीही संशयाने पाहावी अशी नाही. परंतु एकाच घरात राहिल्यावर त्याचे रुसवे, त्याचा हट्टीपणा, रिकामे ताट आणि मळके कपडे त्यांनाच निस्तरावे लागले असणार, आणि ज्याला रोज वाढायचे असते त्याला रागावण्याचाही हक्क असतो. आपल्यासारख्या दुरून माया करणाऱ्यांना यातले काहीच करावे लागत नाही. आपण त्याचे ताट उचलत नाही आणि त्याच्या तोंडावर 'तुझे चुकले' असेही म्हणत नाही. आपल्याला मिळतो तो फक्त आई असल्याचा आनंद. मला वाटते, त्या आनंदापोटीच आपण कलावंताला मोठे होऊ देत नाही.

मोठ्या माणसाला लहान ठरवण्याची पुढची पायरी म्हणजे त्याच्या चुकांसाठी दुसरे कुणीतरी शोधणे, आणि हे दुसरे कुणीतरी बहुतेकदा एक बाई असते. आमच्या गल्लीत सासवांचे एक ठरलेले वाक्य आहे, की पोरगा साधा होता, सुनेने बिघडवला. विराट कोहली धावा काढू शकला नाही की अनुष्का शर्माला शिव्या देणारे चाहते नेमके हेच वाक्य बोलत होते, आणि तेही त्या दोघांचे लग्न होण्याच्या आधी. मार्च २०१६ मध्ये कोहलीने स्वतः पुढे येऊन त्या लोकांना लाज वाटली पाहिजे असे लिहिले. भारताचा कसोटी कर्णधार असलेल्या माणसाला जाहीरपणे सांगावे लागले की माझ्या अपयशाचा तिच्याशी संबंध नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना तो स्वतः बाद होऊ शकतो, एवढेही मान्य नव्हते.

बाईच्या बाबतीत ही माया अधिक कडू होते. स्मिता पाटील आमची. तिचा जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्याचे मंत्री, त्यामुळे धुळे-जळगावकडची सगळी माणसे तिला शिरपूरची लेक म्हणतात. दूरदर्शनवर बातम्या वाचणारी ही मुलगी अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८५ ची पद्मश्री मिळवून, बाळंतपणानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली. ती ३१ वर्षांची होती. तिने एका विवाहित सहकलाकाराशी नाते जोडले, त्याबद्दल तिच्यावर टीका झाली, आणि ती गेल्यावर ती टीका एकाएकी दयेत बदलली. माझ्या लहानपणी आमच्या ओट्यावर बसणाऱ्या बायका हळहळून म्हणायच्या, "भोळी व्हती बिचारी, फसनी." तो 'फसनी' शब्द मला तेव्हा प्रेमाचा वाटायचा. आता वाटते की जी बाई पडद्यावर डोळे न झुकवता उभी राहायची, जिने भूमिका पारखून निवडल्या, तिने आपले आयुष्यही पारखून निवडले असेल, ही शक्यता त्या एका शब्दाने पुसून टाकली. तिचा निर्णय आपल्याला पटला नसेल, तर तसे म्हणावे. तिच्याशी असहमत होण्यात तिचा मान आहे. तिला निर्णयच घेता येत नव्हता असे ठरवण्यात नाही.

इथे मला कुणी अमेरिकन गायिका ब्रिटनी स्पिअर्सचे उदाहरण देईल, आणि ते खरोखर विचार करायला लावणारे आहे. २००८ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, अमेरिकेतल्या न्यायालयाने तिचे व्यवहार आणि तिचे आयुष्य पालकत्वाखाली दिले आणि त्याची सूत्रे तिच्या वडिलांच्या हाती गेली. दोन मुलांची ही आई त्या काळात लास वेगासमध्ये वर्षानुवर्षे कार्यक्रम करत होती, म्हणजे कमावण्याइतकी ती मोठी होती आणि खर्च करण्याइतकी नव्हती. चाहत्यांनी तिच्या सुटकेची चळवळ उभी केली, ती वर्षानुवर्षे चालवली, आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते पालकत्व संपले. चाहत्यांची काळजी नेहमीच माणसाला लहान करते, असे म्हणणाऱ्याला हा खणखणीत जबाब आहे. ते चाहते तिच्या पाठीशी उभे होते. तिचे प्रौढपण तिला परत द्या, एवढीच त्यांची मागणी होती. परंतु जानेवारी २०२३ मध्ये तिने आपले इन्स्टाग्राम खाते बंद केले तेव्हा काही चाहत्यांनी तिच्या जिवाची काळजी वाटते म्हणून पोलिसांना फोन केले, आणि पोलीस तिच्या घराच्या फाटकापर्यंत पोहोचले. तिला सांगावे लागले की हे जरा अतीच झाले, माझ्या खासगीपणावर हा घाला आहे. तेरा वर्षे जिच्यावर पहारा होता तिच्यावर आता प्रेमाचा पहारा बसला.

हे सगळे मी दुसऱ्यांबद्दल लिहिते आहे, पण माझ्या मनात ते ज्या दिवशी स्पष्ट झाले त्या दिवशी चूक माझी होती. आमच्या भागात अहिराणी गाणी लिहून, गाऊन, स्वतःच चित्रित करून यूट्यूबवर टाकणारी पुष्कळ मुले आहेत. लग्नाच्या हळदीपासून वरातीपर्यंत खान्देशात त्यांची गाणी वाजतात. त्यांतला एक मला फार आवडतो. चार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी त्याची प्रकट मुलाखत घेण्याचे काम माझ्याकडे आले. तो तेव्हा २४ वर्षांचा होता, गाण्याच्या पैशातून त्याने वडिलांचे कर्ज फेडले होते आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण चालवले होते. मुलाखत छान रंगली. शेवटी श्रोत्यांतून महाविद्यालयात जाणारी एक सावळी मुलगी उठली आणि तिने विचारले की तुमच्या गाजलेल्या गाण्यात मुलीच्या रंगावरून जी ओळ आहे ती लिहिताना तुम्हांला काय वाटले होते. सभागृह शांत झाले. त्याने ध्वनिक्षेपक तोंडाजवळ नेला आणि त्याच्याआधी मी बोलले. मी म्हणाले की लहान आहे तो अजून, मनाने निर्मळ पोरगा आहे, आपणच त्याला सांभाळून घ्यायला हवे. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, हेही मी कबूल करते. ती मुलगी क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग खाली बसली.

कार्यक्रमानंतर रंगमंचाच्या मागे तो आपल्या कीबोर्डची वायर कोपरापासून तळहातापर्यंत वेटोळी घालत गुंडाळत होता. मी पाठीवर हात ठेवायला गेले तेव्हा तो वर न पाहता म्हणाला, "त्या पोरनी माले इचारं व्हतं, ताई. तुमले नही." त्याचा स्वर उद्धट नव्हता. त्याने वायरीला गाठ मारली, ती पिशवीत ठेवली, आणि मला वाकून नमस्कार करून तो निघून गेला.

घरी येईपर्यंत मला ते वाक्य सोडून गेले नाही. मी त्याला काय दिले होते? एक अवघड क्षण टाळून दिला होता. आणि काय काढून घेतले होते, ते मोजायला मला बरेच दिवस लागले. त्याच्याकडे कदाचित उत्तर असेल, कदाचित नसेल. कदाचित तो 'माझे चुकले' म्हणाला असता, कदाचित त्याने त्या ओळीची बाजू घेतली असती आणि लोकांना ती पटली नसती. यांतले जे काही झाले असते ते त्याचे झाले असते. मी त्याची चूकही घेतली आणि ती सुधारण्याची संधीही घेतली. त्या मुलीकडून तर मी तिचे उत्तरच हिरावले, आणि तिने तो प्रश्न विचारायला किती बळ गोळा केले असेल ते तिच्या हातातल्या घट्ट मुडपलेल्या रुमालावरून मला दिसत होते, दिसूनही मी बोलले होते. मी त्याला लहान म्हटले तेव्हा ती त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान होती. तिला सांभाळून घ्यावे असे सभागृहात कुणालाच सुचले नाही, मलाही नाही.

माझी भाची आता नोकरीला लागली आहे. बीटीएसवरचे तिचे प्रेम तितकेच आहे, आणि ते कमी व्हावे असे मला वाटत नाही. मध्ये एकदा जळगावहून भुसावळला तिच्याकडे जाताना गाडी भादलीला थांबली. उतरणारे उतरले, फलाटावर दोन बायका पाण्याच्या बाटल्या भरत होत्या. मी खिडकीतून रुळांकडे पाहिले आणि माझ्या मनात नेहमीचे 'बिचारा बालकवी' आले नाही. ठोमरे, असे आले.

गेल्या महिन्यात त्या गायकाने चार वर्षांनी मला फोन केला. नवे गाणे तयार आहे, अजून कुठे टाकलेले नाही, ऐकून सांगा, असे तो म्हणाला. मी ते तीनदा ऐकले. चाल सुरेख होती आणि मुखडा मनात राहणारा होता. मी फोन लावला, आधी ते सांगितले, आणि मग सांगितले की दुसरे कडवे मला आवडले नाही, त्यात तुम्ही घाई केली आहे, एक ओळ तर केवळ यमकासाठी बसवली आहे. त्याला मी 'तुम्ही' म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आले. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग वहीची पाने उलटल्याचे ऐकू आले, आणि त्याने विचारले,

"कोनती ओय, ताई?"